न शिवता वाजणारं वाद्य, आणि ते बनवणारा माणूस

व्हॉल्व्हचा जुना रेडिओ ज्यांच्या घरी होता त्यांना हे नक्की आठवेल. रात्री मीडियम वेव्हवर स्टेशन शोधताना मध्येच एक शिट्टी यायची. काटा इकडे सरकवला की शिट्टी बारीक व्हायची, तिकडे सरकवला की जाड होत होत नाहीशी व्हायची. काही सेटवर तर बटणाला हात न लावता नुसता हात एरियलच्या तारेजवळ नेला तरी आवाज बदलायचा. आम्ही पोरं त्यावर अर्धा अर्धा तास घालवायचो आणि मोठ्यांची बोलणी खायचो. सगळे त्याला बिघाड म्हणायचे. १९२० साली रशियातल्या एका २४ वर्षांच्या शास्त्रज्ञाने याच बिघाडाचं वाद्य केलं.

त्यांचं नाव लेव्ह सेर्गेयेविच तेर्मेन. युरोप-अमेरिकेत ते लिऑन थेरमिन म्हणून ओळखले गेले आणि त्यांच्या वाद्यालाही थेरमिन हेच नाव पडलं. परग्रहावरून माणसं आल्याचे जुने इंग्रजी सिनेमे पाहिले असतील, तर त्यातला तो लांबच लांब, बाईच्या गळ्याच्या आणि सारंगीच्या मधला, अंगावर काटा आणणारा सूर ऐकलेला असेल. तो या वाद्याचा. आज आपल्याकडे सिंथेसायझरशिवाय ऑर्केस्ट्रा उभा राहत नाही आणि वरातही निघत नाही. त्या सिंथेसायझरचा माग काढत गेलं तरी आपण याच माणसाच्या दारात पोचतो.

तेर्मेन यांचा जन्म २७ ऑगस्ट १८९६ चा, सेंट पीटर्सबर्गचा. घराणं मुळात फ्रेंच, पण पिढ्यान् पिढ्या रशियात रुजलेलं. लहानपणापासून दोन नाद: चेलो वाजवणं आणि विजेची उपकरणं खोलून पाहणं. शिक्षणही दोन्हीकडे झालं. संगीतशाळेत चेलो, विद्यापीठात भौतिकशास्त्र. पहिल्या महायुद्धात सैन्यात रेडिओचं काम केलं. क्रांती झाली, झार गेला, आणि १९२० मध्ये तेर्मेन पेट्रोग्राडच्या भौतिक-तांत्रिक संस्थेत अब्राम योफे यांच्या हाताखाली लागले. देशात यादवी चाललेली, खायची भ्रांत, आणि या संस्थेत वायूंचे विद्युत गुणधर्म मोजायचं काम.

त्यासाठी त्यांनी एक उपकरण जोडलं होतं. कंडेन्सरच्या दोन पत्र्यांमध्ये वायू भरायचा, तापमान आणि दाब बदलायचा, आणि त्यात होणारा बारीक फरक कानाला सुराच्या रूपात ऐकू यावा अशी रचना. पण सूर वायूमुळे बदलायच्या आधी त्यांचा स्वतःचा हात जवळ गेला की बदलायचा. दुसऱ्या कुणी वैतागून उपकरणाला पेटीत बंद केलं असतं. तेर्मेन चेलोवादक होते. त्यांनी हात पुढेमागे करून चेलोवर वाजवत असलेल्या ओळखीच्या धुना काढून पाहिल्या. त्या निघाल्या. संस्थेतली माणसं आपापली कामं टाकून ऐकायला जमली.

यातलं तंत्र समजायला फार अवघड नाही. पेटीत दोन ऑसिलेटर असतात. दोघेही सेकंदाला लाखो वेळा कंप पावतात, त्यामुळे एकटा कुणीच आपल्या कानाला ऐकू येत नाही. समजा एक सेकंदाला ३,००,००० कंपनं करतोय आणि दुसरा ३,००,४४०. दोन्ही एकत्र केले की त्यांच्यातला फरक, म्हणजे ४४०, तेवढा ऐकू येतो. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाजात जी लाट उठते, त्याच जातीचा हा प्रकार, फक्त फार वेगवान. एका ऑसिलेटरला उभी दांडी जोडलेली असते. माणसाचं शरीर वीजवाहक, त्यामुळे हात आणि दांडी मिळून एक छोटा कंडेन्सर तयार होतो. हात जवळ नेला की त्याची धारणक्षमता वाढते, त्या ऑसिलेटरची कंपनं बदलतात आणि सूर चढतो. डाव्या हाताला एक आडवं कडं असतं. त्याच्याजवळ हात नेला की आवाज मिटतो, हात उचलला की मोठा होतो. सुरुवातीला या कड्याच्या जागी पायाने दाबायचं पेडल होतं.

हे घरी करून बघायचं असेल तर बॅटरीवरचे दोन जुने मीडियम वेव्ह रेडिओ पुरतात. एकावर पट्टीच्या वरच्या भागातलं स्टेशन लावा, समजा १०५० वर. दुसरा त्याच्या अगदी शेजारी ठेवून ५९५ च्या आसपास हळूहळू फिरवा. एका जागी पहिल्या रेडिओत शिट्टी उठेल, कारण असल्या सेटमधला ऑसिलेटर बहुधा काट्यापेक्षा ४५५ किलोहर्ट्झ पुढे चालतो आणि तो त्या स्टेशनला जाऊन आदळतो. आता दुसऱ्या रेडिओचं पाठीमागचं झाकण काढून त्याच्या गँगजवळ हात न्या. शिट्टी हाताबरोबर वरखाली होईल. विजेच्या प्लगवर चालणाऱ्या सेटवर मात्र हा उद्योग कुणी करू नये.

सूर काढणं सोपं. वाजवणं मात्र महाकठीण, आणि आपल्या वाचकांना त्याचं कारण लगेच कळेल. हार्मोनियमवर सा म्हणजे सा. पट्टी दाबली की तो तिथेच सापडतो. पण दोन पट्ट्यांच्या मधली जागा तिला घेता येत नाही, मींड येत नाही. आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं पेटीला दाराबाहेर ठेवलं त्यामागचा एक मोठा आक्षेप हाच होता. थेरमिनचं बरोबर उलट. त्यात सगळी मींडच. पडदे नाहीत, तारा नाहीत, पट्ट्या नाहीत, बोट टेकवायला काहीच नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या साऱ्या श्रुती वाटेत लागतात, आणि एखादा सूर सुटा घ्यायचा असेल तर डाव्या हाताने आवाज मिटवून उजव्याने जागा बदलायची. त्यात वाजवणाऱ्याने मान हलवली किंवा कुणी शेजारून गेलं तरी सूर हलतो. म्हणून वादक पुतळ्यासारखा उभा असतो. गाणाऱ्याचा गळा सोडला तर असं निराधार वाद्य दुसरं नसेल.

मार्च १९२२ मध्ये तेर्मेन यांना क्रेमलिनमध्ये लेनिनसमोर बोलावणं आलं. लेनिनला त्या काळी गावोगाव वीज पोचवायचा ध्यास होता आणि विजेचा चमत्कार लोकांना दाखवायला हे वाद्य उत्तम होतं. तेर्मेन यांनी वाजवून दाखवलं. मग लेनिनचे हात धरून ग्लिंका या रशियन संगीतकाराचं चंडोल पक्ष्यावरचं गाणं त्यांच्याकडून वाजवून घेतलं, आणि शेवटचा भाग लेनिनने एकट्याने वाजवला, असं तेर्मेन आयुष्यभर सांगत. त्याच भेटीत त्यांनी आणखी एक यंत्र दाखवलं होतं. कुणी जवळ आलं की वाजणारी चोरघंटी. तत्त्व तेच, हात जवळ आला की धारणक्षमता बदलते. एकाच तत्त्वातून गाणंही निघतं आणि पहाराही. ही जोडी पुढे त्यांच्या आयुष्यातून कधी सुटली नाही.

लेनिनने त्यांना रेल्वेचा पास देऊन देशभर कार्यक्रम करायला धाडलं. मधल्या काळात त्यांनी टेलिव्हिजनही बनवून पाहिला आणि १९२६ मध्ये दूरचं हलतं चित्र पडद्यावर दाखवलं. ते काम लष्कराने गुप्त ठरवून कपाटात टाकलं. सीमेवर पहाऱ्यासाठी वापरायचं होतं म्हणे. सीमेचं नाव आलं की सरकारं कशी वागतात हे आपल्या भागात सांगायला नको.

१९२७ मध्ये तेर्मेन युरोपच्या दौऱ्यावर निघाले. फ्रँकफर्ट, बर्लिन, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल, पॅरिसचं ऑपेरागृह. हवेत हात फिरवून सूर काढणारा हा देखणा, शांत माणूस पाहायला गर्दी लोटली. वर्ष संपता संपता ते न्यूयॉर्कला पोचले आणि दहा वर्षं तिथेच राहिले. १९२८ मध्ये वाद्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. आरसीए या बड्या रेडिओ कंपनीने हक्क घेऊन १९२९ मध्ये वाद्य बाजारात आणलं. गुणगुणता किंवा शिट्टी वाजवता येणाऱ्या कुणालाही हे वाजवता येईल, अशी जाहिरात केली. किंमत सगळं धरून दोनशे डॉलरच्या वर. त्याच वर्षी ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला. पण खरं कारण मंदीपेक्षा जाहिरात असावी असं वाटतं. घेतलं त्यांना आठ दिवसांत कळलं की गुणगुणता येणं आणि हे वाजवणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पाचशेच्या आसपास नग बनले आणि कंपनीने विषय संपवला.

तेर्मेन मात्र थांबले नाहीत. न्यूयॉर्कच्या पश्चिम ५४ व्या रस्त्यावरच्या घरात त्यांचा कारखाना, प्रयोगशाळा आणि गप्पांचा अड्डा एकत्र होता. व्हॉल्व्ह, तारा आणि लाकडी खोकी यांच्या पसाऱ्यातून तिथे वर्षाकाठी काहीतरी नवं उभं राही. १९३० मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी एकाच वेळी दहा थेरमिन वाजवण्याचा कार्यक्रम केला. चेलोसारखं उभं धरून बोटांनी वाजवायचं विजेचं वाद्य केलं. नर्तकीसाठी एक चौथरा केला: तिने हात वर केला की सूर चढायचा, खाली वाकली की उतरायचा. म्हणजे नाचासाठी गाणं नव्हे, नाचातूनच गाणं.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त कुतूहल वाटतं ते ऱ्हिदमिकॉनचं. हेन्री कॉवेल या अमेरिकन संगीतकाराने विचारलं होतं की माणसाच्या हातांना जमणार नाहीत अशा लयी एकत्र वाजवणारं यंत्र करता येईल का. तेर्मेन यांनी भोकं पाडलेल्या फिरत्या चकत्यांतून प्रकाश सोडला आणि तो विद्युत-नेत्रावर पाडला. पहिली पट्टी दाबली की एका मात्रेत एक ठोका, दुसरीला दोन, तिसरीला तीन, असं सोळापर्यंत. आणि गंमत पुढे आहे. दुसऱ्या पट्टीचा सूरही पहिल्याच्या दुप्पट कंपनांचा, तिसरीचा तिप्पट. म्हणजे दुगुन वाजते ती वरच्या सप्तकातल्या षड्जावर आणि तिगुन त्याच्यावरच्या पंचमावर. लय आणि सूर एकाच हिशोबाचे. आपल्याकडे तबलजी तीन विरुद्ध चार, पाच विरुद्ध चार हाताने आणि तोंडाने करून दाखवतात. इथे सोळाही लयी एकाच वेळी दाबता येत. १९३२ मध्ये हे यंत्र लोकांपुढे आलं. त्यातून फारसं मोठं संगीत निघालं नाही हे खरं. पण आज मोबाइलवर मिळणाऱ्या तालयंत्राच्या पूर्वजांत त्याचं नाव पहिलं लागतं.

वाद्याला खरा कलावंत मिळाला तो क्लारा रॉकमोर यांच्या रूपाने. मूळच्या विल्नियसच्या, लहानपणापासून व्हायोलिनच्या असामान्य विद्यार्थिनी. बालपणीच्या कुपोषणाने हाडं कमजोर झालेली, त्यामुळे तरुणपणी हात दुखू लागला आणि व्हायोलिन सुटलं. थेरमिनला वजन नाही, गज नाही. त्यांनी हवेतल्या बोटांच्या जागा ठरवून वाजवायची स्वतःची पद्धत बसवली. वाद्य लवकर प्रतिसाद देत नाही, त्याची सप्तकं कमी पडतात, अशा तक्रारी केल्या आणि तेर्मेन यांनी त्यांच्यासाठी पाच सप्तकांचं वेगळं वाद्य बनवून दिलं. तेर्मेन त्यांच्या प्रेमात होते. एका वाढदिवसाला त्यांनी असा केक केला की क्लारा जवळ आल्या की तो फिरू लागे आणि त्यावरचा दिवा पेटे. पुन्हा तेच तत्त्व! क्लारांनी लग्न मात्र रॉबर्ट रॉकमोर नावाच्या वकिलाशी केलं.

क्लारा शास्त्रीय रचनाच वाजवत. यावर नव्या विचाराच्या संगीतकारांचा आक्षेप होता. जॉन केज यांनी १९३७ च्या सुमारास तक्रार केली की एवढं नवं वाद्य हाताशी असताना वादक त्याच्याकडून जुन्या वाद्यांची नक्कलच करून घेतात. तक्रार चुकीची नव्हती. पण सूर धरून ठेवणं हेच जिथे दिव्य आहे, तिथे ओळखीची चीज नेटकी वाजवून दाखवल्याशिवाय या खोक्याला कुणी वाद्य मानलं असतं का, हाही प्रश्न आहेच.

१९३८ मध्ये तेर्मेन यांनी लव्हिनिया विल्यम्स या कृष्णवर्णीय नर्तकीशी लग्न केलं. त्या काळच्या अमेरिकेत याचा अर्थ काय होता ते वेगळं सांगायला नको. कालपर्यंत घरी बोलावणाऱ्या श्रीमंतांनी दारं लावून घेतली. कर्ज आधीच डोक्यावर होतं, कर थकलेला होता, भाडं थकलेलं होतं. सप्टेंबर १९३८ मध्ये ते एका रशियन मालवाहू जहाजातून, यंत्रांची खोकी घेऊन, कुणाला न सांगता निघून गेले. त्यांना सोव्हिएत हेरांनी उचलून नेलं अशी गोष्ट अमेरिकेत पन्नास वर्षं चालली. तेर्मेन यांनी म्हातारपणी सांगितलं की आपण आपल्या मनाने गेलो. अमेरिकेतल्या कारखान्यांची माहिती मॉस्कोला पुरवायचं कामही आपल्याकडे होतं, हेही त्यांनी कबूल केलं. बायकोला मागाहून बोलावून घेऊ अशी त्यांची समजूत होती. दोघं पुन्हा कधी भेटले नाहीत. लव्हिनिया पुढे हैतीत जाऊन नृत्य शिकवू लागल्या.

ज्या देशात ते परतले तो १९२७ मध्ये सोडलेला देश राहिला नव्हता. स्टालिनच्या धरपकडीची वर्षं. दहा वर्षं परदेशात काढलेला माणूस म्हणजे आयता संशयित. मार्च १९३९ मध्ये त्यांना अटक झाली आणि आठ वर्षांची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. कार्नेगी हॉलमध्ये वाजवलेले हात सैबेरियाच्या टोकाला कोलिमात दगड फोडणाऱ्यांच्या टोळीत गेले. तिथे ढकलगाड्या ओढायला त्रास होतो म्हणून त्यांनी लाकडी रूळ बसवून घेतले आणि टोळीचं काम वाढवलं, असं ते सांगत. कोलिमात गेलेली हजारो माणसं परत आली नाहीत. तेर्मेन काही महिन्यांत बाहेर निघाले, कारण सरकारला इंजिनिअर हवे होते.

बाहेर म्हणजे दुसऱ्या तुरुंगात. शास्त्रज्ञ कैद्यांसाठी रशियात खास कारखाने होते. जेवण बरं, अंथरूण स्वच्छ, दाराला कुलूप. विमानांचे रचनाकार तुपोलेव्ह यांच्या अशा कारखान्यात तेर्मेन यांना घातलं. पुढे ज्यांच्या रॉकेटावरून युरी गागारिन अवकाशात गेले ते सेर्गेई कोरोल्योव्हही तिथेच कैदी होते. नंतर तेर्मेन यांच्याकडे ऐकण्याची यंत्रं बनवायचं काम आलं. दुसऱ्याचं, चोरून.

४ ऑगस्ट १९४५ रोजी मॉस्कोतल्या शाळकरी मुलांनी अमेरिकेचे राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. सुरेख कोरीव काम. राजदूतांनी ती निवासातल्या अभ्यासिकेत भिंतीवर लावली. आत तेर्मेन यांची करामत होती. त्यात बॅटरी नव्हती, वायर नव्हती, चालू असल्याची काहीच खूण नव्हती. एक छोटी धातूची डबी, तिच्या तोंडावर पातळ पडदा आणि एक दांडी. बाहेरून, समोरच्या कुठल्यातरी इमारतीतून रेडिओलहर सोडली की ती जागी व्हायची. खोलीत कुणी बोललं की पडदा थरथरायचा, पडदा आणि आतला खिळा यांच्यातली धारणक्षमता बदलायची आणि परत जाणाऱ्या लहरीवर ते बोलणं उमटायचं. हात आणि दांडी यांच्या जागी आता पडदा आणि खिळा, एवढाच फरक. वाद्य तेच. सात वर्षं ते भिंतीवर टांगलेलं होतं. १९५२ मध्ये सापडलं, आणि १९६० मध्ये अमेरिकेने ते संयुक्त राष्ट्रांत सगळ्या जगाला उघडून दाखवलं. तेव्हाही ते कुणी बनवलं हे बाहेर आलं नव्हतं.

खिडकीच्या काचेच्या थरथरीवरून खोलीतलं बोलणं ऐकण्याच्या दुसऱ्या एका यंत्रासाठी १९४७ मध्ये त्यांना स्टालिन पारितोषिक मिळालं. कैद्याला स्टालिन पारितोषिक! सुटका झाली, पण ते त्याच खात्यात नोकरीला राहिले. पुन्हा लग्न केलं, दोन मुली झाल्या. हे सगळं जबरदस्तीने झालं असं म्हणून त्यांची बाजू घेणं सोपं आहे. सुरुवात तशी झाली हे नक्की. पण सुटकेनंतरची जवळजवळ वीस वर्षं त्यांनी ते काम केलं, आणि नवीन काही बनवायला मिळत असेल तर ते कुणासाठी हा प्रश्न त्यांनी स्वतःला फारसा विचारल्याचं दिसत नाही.

इकडे अमेरिकेत बहुतेकांनी ते मेले असं धरलं होतं. त्यांचं वाद्य मात्र जगत होतं, आणि तेही मोठ्या कंपनीच्या मेहरबानीवर नव्हे. हौशी रेडिओवाल्यांच्या मासिकांत थेरमिनचे नकाशे छापून येत. जुन्या सेटचे व्हॉल्व्ह, हाताने गुंडाळलेली कॉइल, पितळी नळीची दांडी आणि संध्याकाळची दोन-चार तास सवड, एवढ्यावर ते उभं राही. हॉलिवूडमध्ये १९४५ च्या स्पेलबाउंड आणि १९५१ च्या द डे द अर्थ स्टुड स्टिल या चित्रपटांत ते वाजलं. वाजवणारे सॅम्युएल हॉफमन हे पेशाने पायांचे डॉक्टर.

न्यूयॉर्कमधला रॉबर्ट मूग नावाचा एक मुलगा १९४९ च्या सुमारास, चौदा-पंधरा वर्षांचा असताना, असाच एक नकाशा पाहून घरातल्या टेबलावर थेरमिन जोडत बसला होता. १९५४ मध्ये त्याने स्वतःचा नकाशा मासिकात छापला आणि वडिलांबरोबर थेरमिन बनवून विकू लागला. १९६१ मध्ये त्याने व्हॉल्व्ह काढून ट्रान्झिस्टर बसवले आणि सगळे सुटे भाग एका खोक्यात घालून, घरी जोडून घ्या म्हणून, पन्नास डॉलरला विकायला काढले. मागणी इतकी आली की त्याला धंद्याचा हुरूप आला. तीन वर्षांनी, १९६४ मध्ये, त्याच मूगने सिंथेसायझर बनवला. आपण सगळं तेर्मेन यांच्याकडून शिकलो हे मूग पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

त्या मूग सिंथेसायझरचा एक संच १९६९ मध्ये आपल्या शेजारी अहमदाबादला आला. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्याचा स्टुडिओ उभा करून द्यायला डेव्हिड ट्यूडर आले होते. हे मोठे पियानोवादक, पण पियानो सोडून घरी जोडलेल्या सर्किटांवर प्रयोग करणारे. त्यांना तिथे आणण्यात गीता साराभाई यांचा पुढाकार होता. त्या पखवाज वाजवत, आणि १९४६ मध्ये न्यूयॉर्कला असताना त्यांनी जॉन केज यांच्याकडून पाश्चात्य संगीत शिकून बदल्यात त्यांना भारतीय संगीत शिकवलं होतं. त्या स्टुडिओत त्या स्वतः, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी विजेच्या आवाजांतून रचना केल्या. टेपा कित्येक वर्षं संस्थेच्या कपाटात पडून होत्या, अलीकडे सापडल्या. बडोद्याच्या आपल्या वाचकांना हा इतिहास दोन तासांच्या अंतरावर आहे.

मूग यांचा सिंथेसायझर जगभर जात होता तेव्हा तेर्मेन मॉस्कोच्या संगीत विद्यालयात, ध्वनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. गुप्तचर खातं सोडून ते पुन्हा वाद्यांकडे आले होते. नवी थेरमिन, विजेचा चेलो, नर्तकीचा चौथरा, सगळं पुन्हा नव्याने जोडत होते. १९६७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे संगीत समीक्षक हॅरल्ड शोनबर्ग तिथे गेले असता त्यांना हे सत्तरीतले गृहस्थ भेटले. त्यांनी लेख लिहिला. मेलेला माणूस जिवंत असल्याची बातमी अमेरिकेत पोचली आणि जुन्या मित्रांना आनंद झाला.

मॉस्कोत त्याच लेखाने घात केला. परदेशी पेपरात नाव आलेला माणूस आपल्याकडे काय करतोय, अशी विचारणा झाली. वीज संगीतासाठी नसते, ती गद्दारांना शिक्षा देण्यासाठी असते, अशा अर्थाचं काहीतरी तिथल्या एका अधिकाऱ्याने सुनावलं, असं तेर्मेन सांगत. त्यांना काढून टाकलं. वाद्यं अंगणात फेकली, काही तिथेच फोडली. कोलिमातून जिवंत परतलेल्या माणसाला सत्तराव्या वर्षी हे बघावं लागलं. त्यानंतर मॉस्को विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात त्यांना मेकॅनिकची नोकरी मिळाली. मेकॅनिक म्हणूनच. तिथल्या एका कोपऱ्यात ते पुन्हा सोल्डरिंग करत बसले.

घरातल्या मुलीबाळींना मात्र त्यांनी वाद्य शिकवलं. त्यांची मुलगी नतालिया वाजवू लागली. त्यांच्या चुलत भावाची नात लिडिया काविना नऊ वर्षांची असताना त्यांच्याकडे शिकायला आली, आणि पुढे ती जगातल्या आघाडीच्या थेरमिनवादकांत गणली गेली.

सोव्हिएत राज्याची पकड सैल झाली तेव्हा, १९८९ मध्ये, तेर्मेन फ्रान्समधल्या बूर्ज इथल्या संगीत महोत्सवाला गेले. १९९१ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, अमेरिकेला. स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्यांचा सत्कार केला. रॉबर्ट मूग भेटले. मग ते न्यूयॉर्कला गेले, ५३ वर्षांपूर्वी कुणाला न सांगता सोडलेल्या शहरात. क्लारा रॉकमोर तिथेच राहत होत्या, ऐंशीच्या घरात पोचलेल्या. तेर्मेन त्यांच्या घरी गेले. स्टीव्हन मार्टिन यांच्या माहितीपटात हे दोघं एका खोलीत बसलेले दिसतात, आणि त्या घरात त्यांनी क्लारांसाठी हाताने बनवलेलं साठ वर्षांपूर्वीचं वाद्य अजून चालू असतं.

त्याच वर्षी, सोव्हिएत संघ मोडकळीला आलेला असताना, तेर्मेन यांनी कम्युनिस्ट पक्षाचं सभासदत्व घेतलं. लेनिनला आपण शब्द दिला होता, असं त्यांचं म्हणणं. काही महिन्यांत पक्षावर बंदी आली आणि देशही उरला नाही. ३ नोव्हेंबर १९९३ रोजी मॉस्कोत त्यांचं निधन झालं. वय ९७.